ढगातला ओळंबा

सूतभर मिस्त्रींना विमान चालवायचा परवाना मिळाला, तेव्हा तो हातात घेण्याआधी त्यांनी एक डोळा मिटून क्लबच्या ऑफिसची भिंत पाहिली आणि ती डाव्या अंगाला सूतभर झुकली आहे असं जाहीर केलं. परवाना पुढे धरून उभ्या असलेल्या मॅडम म्हणाल्या, "ती तुम्हीच बांधलीय." मिस्त्रींनी दुसरा डोळा मिटून भिंत पुन्हा पाहिली. मग म्हणाले, म्हणजे जमीन खचली असणार.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एवढ्या फरकाने कुणाचं घर पडत नाही, पण मिस्त्रींची झोप मात्र उडते. चाळीस वर्षं त्यांनी गवंडीकाम केलं. नुसत्या नजरेने भिंतीचा दोष सांगायचा, मग खिशातून पितळी ओळंबा काढून दोरी खाली सोडायची, आणि दर वेळी ओळंब्याने त्यांच्याच बाजूने साक्ष द्यायची. माणूस दर वेळी बरोबर ठरला की त्याचं काय होतं, ते मिस्त्रींच्या बायकोला विचारावं. मुलीच्या लग्नाच्या फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसतायत आणि नवरीचा बाप एक डोळा मिटून स्टेजच्या खांबाकडे बघतोय. तो फोटो त्या माउलीने कपाटाच्या आतल्या बाजूला लावलाय.

विमानाचं खूळही ह्या नजरेतूनच आलं. क्लबच्या शेडचं काम चालू असताना छोटी विमानं दिवसभर डोक्यावरून जायची, आणि मिस्त्री हातातली थापी बाजूला ठेवून प्रत्येकाचे पंख तपासायचे. एकदा न राहवून ते मॅडमना म्हणाले, "तुमची माणसं तिरकी उतरतात." मॅडम क्लबच्या प्रशिक्षक. बारीक अंगाच्या, कापलेल्या केसांच्या, आवाज कधीही न चढवणाऱ्या. त्या म्हणाल्या, "मग तुम्ही सरळ उतरवून दाखवा." दुसरा कुणी असता तर हसून कामाला लागला असता. मिस्त्रींनी वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी नाव नोंदवलं आणि दीड वर्षात खरोखरच असं सरळ उतरवून दाखवलं की मॅडमनी चष्मा काढून पुसला.

फक्त एका गोष्टीवरून दोघांचं बिनसलं. ती गोष्ट म्हणजे खुर्ची.

ऑफिसातली फिरती खुर्ची, कारकून बसतात तसली. मॅडमनी मिस्त्रींना तीत बसवलं, डोळ्यांवर रुमाल बांधला आणि सांगितलं, "खुर्ची जिकडे फिरेल तिकडे अंगठा दाखवा. थांबली की वर." मग त्यांनी खुर्ची हळूच डावीकडे फिरवली. मिस्त्रींनी ऐटीत डावीकडे अंगठा दाखवला. खुर्ची त्याच संथ वेगाने फिरतच राहिली आणि थोड्या वेळाने मिस्त्रींचा अंगठा वर गेला, थांबली म्हणून. बाकीचे शिकाऊ तोंडावर हात ठेवून बसले. मग मॅडमनी खुर्ची खरोखर थांबवली, तर मिस्त्रींनी उजवीकडे अंगठा दाखवला आणि वर ठासून म्हणाले, "आता जोरात फिरवताय." रुमाल काढल्यावर ते उठायला गेले ते थेट फायलींच्या कपाटाला मिठी मारूनच थांबले.

"ढगात शिरलं की असंच होतं," मॅडम म्हणाल्या. "बाहेरचं काही दिसत नाही, आणि कानाच्या आत जो तोल असतो तो धडधडीत खोटं सांगतो. शिकलेला माणूस काट्यांकडे बघून निघतो बाहेर. न शिकलेल्याच्या हातात साधारण तीन मिनिटं असतात. तुमचा परवाना स्वच्छ हवेचा आहे. ढग दिसला की मागे फिरायचं. चुकून शिरलातच, तर ह्या तबकडीकडे बघायचं. आधी इंजिन कमी, मग पंख सरळ, मग नाक वर. हा क्रम सोडायचा नाही."

भिंतीवरच्या चित्रात ती तबकडी होती. वर निळं, खाली तपकिरी, मधे एक पांढरी रेघ.

"ह्याला काय म्हणतात?" मिस्त्रींनी विचारलं.

"आम्ही खोटं क्षितिज म्हणतो."

झालं. हा शब्द मिस्त्रींच्या डोक्यात जो अडकला तो अडकलाच. ज्याच्या नावातच खोटं आहे, त्याच्यावर जीव सोपवायचा? उलट ओळंब्याला सगळी दुनिया खरा म्हणते. त्या खुर्चीवर हार झाली ती ओळंबा नव्हता म्हणून, असं मिस्त्रींनी घरी बायकोला सांगितलं, आणि तिने नेहमीप्रमाणे मान डोलवून पुढचं काम हातात घेतलं.

केबिनमध्ये काहीही लटकवायचं नाही, असा मॅडमचा सक्त नियम होता. त्यामुळे मॅडम बरोबर असल्या की ओळंबा खिशात. एकटे असले की छताच्या आकड्याला दोरी, दोरीला ओळंबा आणि त्याच्या टोकाखाली, दोन खुर्च्यांच्या मधल्या फळीवर, खडूची एक बारीकशी फुली. विमान जमिनीवर सरळ उभं असताना मारलेली. टोक फुलीवर म्हणजे विमान सरळ. ह्याहून सोपं काय असणार?

आता गंमत अशी, की ही युक्ती चुकीची आहे हे मिस्त्रींना कळायला ढगच पाहिजे होता. स्वच्छ हवेत ते कधी फुलीकडे बघायचेच नाहीत, बाहेर बघायचे.

तो दिवस रविवारचा. सकाळी नऊला बायकोचा फोन आला. ती आणि विहीणबाई, दोघी आदल्याच दिवशी बसने डोंगरापलीकडच्या शहरात लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. मिस्त्री मागे राहिले, कारण शनिवारी त्यांचा स्लॅब होता, आणि व्याही मागे राहिले, कारण त्यांची दाढ काढायची होती.

"दवाखान्यात नेलंय तिला," बायको म्हणाली. "दुपारपर्यंत होईल म्हणतात. दोघं एकदमच निघा. पोरगी म्हणतेय, एक आजोबा आधी पोचला तर दुसरा जन्मभर टोमणे मारेल. आणि हे बघा, बसने या."

"बसला सात तास लागतात. विमानाला पन्नास मिनिटं."

"सात तास लागू देत," बायको म्हणाली.

लेक म्हणजे मिस्त्रींचा जीव की प्राण. तिचं पहिलं मूल जन्माला येणार आणि आपण कुठल्यातरी थांब्यावर पेपरकपातला चहा पीत उभे असणार, हे चित्र त्यांना सहनच होईना. मूल जन्मल्यावर त्याने डोळे उघडून पहिल्यांदा बघावं तर समोर आपण असावं, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती इच्छा काही फार मोठी नव्हती. त्यांनी ओळंबा खिशात टाकला आणि व्याह्यांना फोन लावला.

व्याही वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. उभी हयात बाजारातल्या तराजूंवर छापे घालण्यात गेली. कुठल्याही काट्यावर शिक्का आहे का, हे बघितल्याशिवाय ते त्याच्याशी बोलतसुद्धा नसत. हातात वस्तू घेऊन तिचं वजन सांगायची त्यांची ख्याती अशी, की ते गल्लीत दिसले की व्यापाऱ्यांना घाम फुटायचा. दाढेच्या जागी कापूस धरून ते क्लबवर हजर झाले.

"विमानात बसणाऱ्याचं वजन सांगावं लागतं," मिस्त्री म्हणाले.

"अठ्ठ्याहत्तर किलो दोनशे ग्रॅम," व्याही कापसातून म्हणाले. "चपलांसकट. दाढ गेली ती धरलेली नाही."

मॅडमनी हवामानाचा कागद बघितला, मग डोंगराकडे बघितलं. आकाश निळंशार, पण डोंगराच्या माथ्यावर पांढरा थर बसला होता. "खिंडीपर्यंत जा," त्या म्हणाल्या. "खिंड मोकळी असेल तर पलीकडे. बंद दिसली तर मागे. मला शब्द द्या."

"दिला," मिस्त्री म्हणाले, आणि त्या वेळी त्यांनी तो मनापासून दिला होता.

मॅडम शेडकडे वळताच खिशातला ओळंबा आकड्यावर गेला. व्याह्यांनी तो बघितला, आणि हात पुढे करून तळव्यावर तोलला. खोड ती खोडच.

"चारशे ऐंशी," ते म्हणाले.

"पाचशेचा आहे. आमच्या उस्तादांनी दिलेला."

"होता पाचशेचा. झिजलाय. आता चारशे ऐंशी."

हे ऐकून मिस्त्रींना थोडा राग आला, पण व्याह्यांशी भांडायचं नसतं. त्यांनी इंजिन सुरू केलं.

उड्डाण असं झालं की व्याह्यांनी कापूस काढून हातात घेतला आणि लहान मुलासारखे खिडकीला चिकटले. खाली घरांच्या गच्च्या, गच्च्यांवर पाण्याच्या टाक्या, टाक्यांची झाकणं. मिस्त्री खूष. "ती गच्ची बघा, उतार उलटा दिलाय," असं ते दर दोन मिनिटांनी सांगत होते. व्याही नव्या पाहुण्याबद्दल बोलत होते. मुलगा असेल तर तीन किलो एकशे, मुलगी असेल तर दोन किलो नऊशेच्या आसपास, असा त्यांचा अंदाज होता. मग कुणाचं नाक येणार ह्यावर दोघांची चर्चा रंगली, आणि दोन्ही घराण्यांत सांगण्यासारखं नाक नाही ह्यावर एकमत झालं.

एवढ्यात खिंड आली. ती बंद नव्हती. मोकळीही नव्हती. डोंगराच्या दोन खांद्यांमध्ये ढग खालपर्यंत आला होता आणि खाली एक फट राहिली होती. फटीतून पलीकडचं ऊन दिसत होतं, आणि त्या उन्हात कुठंतरी तो दवाखाना होता.

मिस्त्रींनी एक डोळा मिटला. नवी कपाटं जुन्या दारातून आत नेताना ते असंच करायचे, आणि त्यांचं कपाट आजवर कधी अडकलेलं नव्हतं.

"जाईल," ते म्हणाले.

"काय?" व्याह्यांनी विचारलं.

"आपण."

कपाट आत नेताना दार जागचं हलत नाही, एवढा एकच मुद्दा त्यांच्या लक्षात राहिला नाही. विमान फटीत शिरलं आणि फट मिटली. आधी डोंगराचा उजवा खांदा गेला, मग डावा, मग पलीकडचं ऊन, मग विमानाचं नाकसुद्धा. चहूकडे पांढरं. वर, खाली, शेजारी. चुन्याच्या नव्या खोलीत कोंडल्यासारखं.

व्याह्यांनी घड्याळ बघितलं. ती त्यांची सवय. "आपण आत आलो का?"

"कशाच्या?"

"ढगाच्या."

"कडेकडेने चाललोय," मिस्त्री म्हणाले. रेडिओ हातात घेतला तर त्यातून गुळण्या केल्यासारखा आवाज आला, डोंगर मधे होता. त्यांनी तो ठेवून दिला आणि ओळंब्याकडे बघितलं. टोक बरोब्बर फुलीवर. सूतभरही इकडे तिकडे नाही. त्यांचा जीव भांड्यात पडला. "बघा, एकदम सरळ. खुर्चीला हेच नव्हतं."

"ह्या तबकडीत मात्र रेघ तिरकी दिसतेय," व्याही म्हणाले. त्यांनी आजवर तबकडी ह्या प्रकाराकडे दुर्लक्ष केलेलं नव्हतं आणि आता करणार नव्हते.

"ते खोटं क्षितिज. नावच बघा ना त्याचं."

"बरं. उंची तीन हजार चारशे. तीन हजार दोनशे. वेग वाढतोय. आणि हा दिशेचा आकडा उलटा मोजत चाललाय, थांबत नाही."

उंची कमी होतेय म्हणजे नाक खाली गेलंय, असा हिशेब मिस्त्रींनी केला. विमान तर सरळच आहे, ओळंबा सांगतोय. मग फक्त नाक वर घ्यायचं. त्यांनी दांडा ओढला. उंची आणखी भराभर उतरू लागली. त्यांनी आणखी ओढला. इंजिनाचा आवाज चढला, वारा शिट्टी घालू लागला आणि मिस्त्रींना वाटलं, कुणीतरी आपल्या मांडीवर येऊन बसलंय. टोक फुलीवर. दांडा पोटाशी. टोक फुलीवर. उंची दोन हजार सहाशे. काहीतरी भयंकर चुकलंय हे त्यांना कळत होतं, आणि काय चुकलंय ते अजिबात कळत नव्हतं, आणि असं त्यांच्या आयुष्यात पूर्वी कधीच झालं नव्हतं.

शेजारी व्याही एकोणतीसचा पाढा म्हणत होते. घाबरले की ते तोच म्हणत. एकोणतीस सत्ते दोनशे तीन ह्याला ते मधेच थांबले.

"व्याहीबुवा," ते मिस्त्रींना म्हणाले, "माझं वजन वाढलंय."

"अहो, ही काय वेळ आहे का?"

"माझे गाल खाली ओढले जातायत. मी चाळीस वर्षं वजनं ओळखतोय. मी आत्ता एकशे सतरा किलोचा आहे." असं म्हणून त्यांनी हात लांब केला, ओळंबा खालून तळव्यावर घेतला आणि डोळे मिटले. "सातशे वीस."

"काय?"

"हा. जमिनीवर चारशे ऐंशी होता, आत्ता सातशे वीस भरतोय. दीडपट. मीही दीडपट. सरळ चाललेल्या गाडीत कुणाचं वजन दीडपट होत नाही. वळणावर होतं. आपण गोल फिरतोय, व्याहीबुवा, जोरात. ह्याला खाली कुठे ते कळतच नाही. ह्याला फक्त ओढ कळते. जिकडे ओढ, तिकडे ह्याचं खाली."

मिस्त्रींची नजर ओळंब्यावरून तबकडीकडे गेली आणि परत ओळंब्यावर आली.

"चार काटे एक सांगतायत आणि हा एकटा दुसरं सांगतोय," व्याही म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात बाजारपेठेतला जुना निरीक्षक उभा राहिला. "अशा वेळी आम्ही माप जप्त करायचो." त्यांनी दोरी आकड्यावरून काढली आणि ओळंबा स्वतःच्या खिशात घातला.

चाळीस वर्षांत पहिल्यांदाच मिस्त्रींच्या समोर दोरी नव्हती. ते घाबरले. खरंच घाबरले, आणि त्यांच्या मनात एकच गोष्ट आली, की ते मूल आपल्याला न बघताच मोठं होणार आणि कपाटातल्या त्या फोटोवर बोट ठेवून विचारणार, हा कोण तिरका बघतोय? त्या विचाराने त्यांना जेवढं वाईट वाटलं तेवढं दुसऱ्या कशानेच वाटलं नसतं.

आधी इंजिन कमी. त्यांनी केलं. मग पंख सरळ. त्यांनी खोट्या क्षितिजाकडे बघितलं. पांढरी रेघ छपराच्या उतारासारखी तिरकी होती. त्यांनी दांडा पोटापासून सोडला आणि उजवीकडे नेला, हळूहळू, रेघ आडवी होईपर्यंत. आणि रेघ जसजशी आडवी झाली तसतसं अंगातलं एकेक हाड ओरडू लागलं, की आता आपण उजवीकडे उलटतोय, डाव्या बाजूला घ्या, पडलो, मेलो. हात आपोआप डावीकडे निघाला.

"रेघ सोडू नका," व्याही म्हणाले.

"मी पडतोय हो."

"तुम्ही पडत नाही आहात. तुम्ही अठ्ठ्याहत्तर दोनशे होत चाललाय. म्हणजे मी होत चाललोय. पंच्याण्णव. नव्वद. पंच्याऐंशी. दिशेचा आकडा थांबला. अठ्ठ्याहत्तर दोनशे. बरोबर. आता काय करायचं असतं?"

"नाक," मिस्त्री म्हणाले, आणि नाक वर घेतलं, जपून, ओल्या भिंतीवरून थापी फिरवावी तसं.

तेवढ्यात ढग संपला. खाली जमीन होती, खिंडीच्या अलीकडची, जिथे असायला हवी तिथेच, पण हवी त्यापेक्षा बरीच जवळ. एका घराच्या गच्चीवर एक बाई चादर वाळत घालत होती. तिने वर बघितलं. मिस्त्रींनी तिच्याकडे बघितलं. चादरीवर निळी फुलं होती, इतक्या जवळून त्यांनी ती पाहिली. मग विमान तिच्या डोक्यावरून वर गेलं आणि बाईने चादर सोडून दिली.

"ती गच्ची," मिस्त्री घोगऱ्या आवाजात म्हणाले, "उतार बरोबर दिलाय."

हे ऐकून व्याह्यांना जे हसू फुटलं ते थांबेना. दाढेची जागा दुखत होती तरी थांबेना. मिस्त्रींनाही फुटलं. डोळ्यांतून पाणी, हात दांड्यावर, नजर समोरच्या नदीवर, आणि नदीच्या काठाकाठाने दोन होऊ घातलेले आजोबा खिदळत क्लबकडे परत निघाले. अर्ध्या वाटेत व्याह्यांनी घड्याळ बघितलं आणि हसायचे थांबले.

"आपण आत होतो दोन मिनिटं चाळीस सेकंद," ते म्हणाले.

मॅडमचा तीन मिनिटांचा आकडा मिस्त्रींना आठवला. उरलेल्या वाटेवर त्यांनी एकाही गच्चीकडे बघितलं नाही.

उतरल्यावर मॅडम विमानाशी आल्या. त्यांनी मिस्त्रींचा चेहरा बघितला, मग वाकून आतली खडूची फुली बघितली, मग छताचा रिकामा आकडा बघितला. त्यांना काही विचारावं लागलं नाही. मिस्त्रींनी सगळं सांगितलं, फटीपासून चादरीपर्यंत, एक शब्द न गाळता. ओळंब्याचं सांगताना त्यांची मान खाली गेली.

"तुम्हाला बाहेर कुणी काढलं?" मॅडमनी विचारलं.

"माझ्या वजनाने," व्याही म्हणाले.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "दिलेला शब्द मोडलात," त्या मिस्त्रींना म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. "ढगातून उडायचं शिक्षण आहे. चाळीस तास, बाहेरचं दिसू नये म्हणून डोळ्यांवर झापडं लावून, नुसत्या काट्यांवर. ते होईपर्यंत तुम्ही जमिनीवर. आता बसस्टँडवर जा. साडेबाराची गाडी आहे."

सात तास. सातही तास मिस्त्री खिडकीशी बसून डोंगराकडे बघत होते, आणि दुपारी तीनला, कुठल्यातरी थांब्यावर, हातात पेपरकपातला चहा असताना फोन आला की मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. सकाळी ज्या चित्राची त्यांना एवढी धास्ती होती ते हेच. त्यांनी चहा ठेवला आणि अनोळखी ड्रायव्हरला मिठी मारली.

दवाखान्यात पोचले तेव्हा नुकते दिवे लागले होते. व्याह्यांनी आधी बाळाचा वजनकाटा तपासला, शिक्का बघितला, मग नात हातांत घेतली, डोळे मिटले आणि म्हणाले, "दोन किलो नऊशे पन्नास." नर्सने कागद बघून मान हलवली. "तुमचा काटा बरोबर आहे," व्याह्यांनी तिला सांगितलं.

"बाबा, घ्या ना," लेक पलंगावरून म्हणाली. "विमानाने येणार होतात ना? मी वाट बघत होते."

मिस्त्री पुढे झाले आणि थबकले. "ही फरशी उजवीकडे उतरती आहे," ते म्हणाले. अंगातलं ते उलटणं अजून गेलं नव्हतं. बायकोने कपाळाला हात लावला. ह्या माणसाला आजही फरशीच दिसली, असं तिला वाटलं असणार. पण मिस्त्रींनी पलंगाची कड दोन्ही हातांनी धरली होती, आणि ते पहिल्यांदा लेकीच्या लक्षात आलं.

"मी ढगात शिरलो होतो गं," ते म्हणाले. "शिरायचं नाही हे माहीत असून. मला वाटलं, मला सरळ काय ते कळतं. नाही कळत. आज तुझी पोर आजोबाला मुकली असती. दोन्ही आजोबांना."

विहीणबाईंनी नवऱ्याचा दंड घट्ट धरला.

मग व्याह्यांनी नात विहीणबाईंकडे दिली आणि खिशातून ओळंबा काढला. त्याच्या दोरीला एक चिठ्ठी बांधलेली होती, बसमध्ये लिहिलेली, अक्षर धक्क्यांनी हललेलं. त्यांनी दोरी धरून ओळंबा खोलीच्या मधोमध सोडला. तो दोनचार वेळा झुलला आणि थांबला.

"भिंतीशी जुळवून बघा," ते म्हणाले. "फरशी सरळ आहे. इथे हा खरं बोलतो."

मिस्त्रींनी एक डोळा मिटला, मग उघडला, आणि चिठ्ठी वाचली. एक ओळंबा, पितळी, वजन चारशे ऐंशी ग्रॅम. तपासणीअंती परत. शेरा: माप अचूक. वापर फक्त जमिनीवर.

"खाली सही आहे, पण मापाच्या मालकाचं नाव नाही," मिस्त्री म्हणाले. "तिथे माझं घाला. शेरा तोच राहू दे. तो मलाही लागू आहे."

"पुढच्या तपासणीपर्यंत," व्याही म्हणाले, आणि खिशाला पेन शोधू लागले.

मिस्त्री खुर्चीत बसले, पाठ टेकली, दोन्ही पाय फरशीवर नीट रोवले आणि हात पुढे केले. विहीणबाईंनी नात त्यांच्या हातांत ठेवली. तिने डोळे उघडले, एक जरा आधी, एक जरा नंतर, मग एक पुन्हा मिटला आणि उरलेल्या एकाच डोळ्याने आजोबाकडे टक लावून बघितलं.